दुकानातल्या रसाला सहा महिने

कुंभारी,
३ मार्च २०२४

अक्का,

मायाप्पाच्या रिक्षातनं ही चिठ्ठी धाडतोय. घसा आता पार बसला. काल दुकानात चहापत्ती मागितली तर पोरीला ऐकूच गेलं न्हाय, शेवटी बोटानं दावली. तवा आता जे काय बोलायचं ते कागदावर. डॉक्टर म्हणला आपरेशनची येळ गेली. किती दिवस म्हणून खूण केली तर म्हणला पावसाळा बघाल, पुढचं काय सांगू.

परवा तू अनीशचं पत्र वाचून दावलंस, त्ये डोक्यातनं जाईना. पोरगं नाशकाकडं वाईनच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत हाय. माज्या पोटचं आन दारूच करतंय. हसू बी आलं आन रडू बी आलं.

अक्का, एक काम कर. त्याला इचार, दुकानातल्या रसाची वाईन घरी कशी करायची. तुज्या नावानं इचार. करतो मी, हितं. प्यायची न्हाय मला. सोडून आठ वर्सं झाली, आन आता तर पाणी बी चमच्यानं जातंय. पर माणसाला त्याच्या कामाचं इचारलं की त्यो बोलतो. माज्याशी बोलणार न्हाय, तुज्याशी बोलंल, त्ये मी वाचीन. अकरा वर्सांत त्याच्या हातची एक ओळ माज्यासाटी आली न्हाय. पोराच्या आयच्या, चेतनाच्या सरणापाशी मी पिऊन उभा ऱ्हायलो, पोरानं माज्या हातातनं मडकं काढून घेतलं. बरूबर केलं त्यानं. त्याचं मला कायबी म्हणणं न्हाय.

आजाराचं लिवू नगं. माजं नावच काढू नगं. दयेनं आलेलं पोरगं मला नगं. मी असेपर्यंत त्याच्या मनानं आलं तर बघीन, न्हाय तर न्हाय.

धोंडीराम


शुक्रवार पेठ, सोलापूर,
६ मार्च २०२४

चि. अनीश यास प्रभाआत्याचे आशीर्वाद.

तुझ्या हुकमाप्रमाणे पत्रच लिहिते आहे. नंबर तू दिलेला नाहीस आणि मी मागत नाही. ज्याचं नाव पत्रात नको म्हणून तुझी अट आहे त्याचं नावही लिहीत नाही. अकरा वर्षं पाळलं, आता मोडायचं कशाला?

शाळेतली कारकुनी संपून सहा वर्षं झाली. सकाळचा पेपर नऊला संपतो आणि मग दिवस खायला उठतो. शेजारणी भिशी लावतात, भजनाला जातात. मला दोन्हीचा कंटाळा. तू वाईनच्या कारखान्यात आहेस हे कळल्यापासून डोक्यात एक खूळ शिरलं आहे. सात रस्त्याला दुकानात द्राक्षाच्या रसाची खोकी मिळतात. त्याची वाईन घरी करता येते का? येत असेल तर कशी, ते नीट, माझ्यासारख्या मठ्ठ बाईला कळेल असं लिही. काय होतं, का होतं, सगळं लिही. पत्र लांबलं तरी चालेल. लांबलेलंच बरं.

तुझी,
प्रभाआत्या


नाशिक,
१६ मार्च २०२४

ती. आत्यास सा. न.

पत्र तीनदा वाचलं. गणपतीच्या मिरवणुकीत प्यालेल्या पोरांच्या अंगावर गॅलरीतून बादली ओतणारी माझी आत्या वाईन करणार. इथे प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगितलं, सगळे तुझ्या पायाशी यायला तयार आहेत. परवान्याबिरवान्याचं मात्र मला विचारू नकोस आणि पेठेत सांगत फिरू नकोस.

ऐक. रस घेताना खोक्यावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाच. ‘प्रिझर्व्हेटिव्ह’ असा शब्द दिसला की खोकं परत ठेव. तो रस टिकावा म्हणून त्यात औषध घातलेलं असतं, त्यात काहीच जगत नाही. निव्वळ रस हवा. पाच लिटर घे. त्यात चारशे ग्रॅम साखर विरघळव. सोबत पुडीत यीस्ट पाठवतोय. दोन पुड्या आहेत, एक चुकली तर दुसरी. हे आमचं विरजण समज. अर्धी वाटी कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजव, फेस आला की रसात घाल. पाणी गरम असेल तर ते मरतं, विरजणासारखंच.

यीस्ट साखर खातं, त्याची दारू होते आणि हवा सुटते. ही हवा बाहेर जायला वाट हवी, नाहीतर बरणी फुटेल. पण बाहेरची हवा आत यायला नको, नाहीतर सिरका होईल. म्हणून झाकणाला भोक पाडून एक बारीक नळी बसव आणि नळीचं दुसरं टोक पाण्याच्या पेल्यात बुडव. बुडबुडे येतील. ते येत आहेत तोवर आत सगळं जिवंत आहे असं समजायचं. बरणी मात्र अगदी स्वच्छ हवी. आमच्या कामात निम्मं काम धुण्याचंच असतं.

खरं सांगू, हे कुणी मला कधी विचारलं नव्हतं. लिहिताना बरं वाटलं.

अनीश


कुंभारी,
२४ मार्च २०२४

अक्का,

पत्र चारदा वाचलं, उशाखाली ठेवलंय. पोराचं अक्षर चेतनावर गेलंय, उभं आन सुटं.

तू धाडलेली बरणी मिळाली. आत नाक घातलं तर हिंग. धुरी दिलीस व्हय? त्यानं सोच्छ कर म्हणलं तर तू लोणच्याच्या बरणीगत धुरी दिलीस. मला बी वाटलं असंच असतंय. रस वतला, साखर विरघळली, पुडी भिजवली. फेस आला ताकावर येतो तसा. नळी कुटं मिळंना, मग माज्या सलायनची व्हती ती उकळून बसवली. आता बुडबुडं येत्यात आन खोलीभर हिंग हाय. शेजारीण दारातनं इचारती, मामा, आमटी टाकली का?

पोराला सगळं लिव. हिंगाचं बी लिव. हसू दे त्याला.

धोंडीराम


शुक्रवार पेठ,
५ एप्रिल २०२४

चि. अनीश,

तू स्वच्छ म्हणालास आणि मी बरणीला हिंगाची धुरी दिली. आमच्याकडे याहून स्वच्छ काही नसतं. तिखट न घालता कैरीचं लोणचं केल्यासारखा वास येतो आहे. यीस्ट बिचारं कामाला लागलं आहे. सलाईनची नळी बसवली, बुडबुडे येतात, पण येणारा जाणारा आमटीचं विचारतो. हे आता प्यायचं की फोडणीत घालायचं ते कळव.

आत्या


नाशिक,
१३ एप्रिल २०२४

ती. आत्या,

ओतून दे. पत्र वाचून इतका हसलो की मॅडम बघायला आल्या. आई पण अशीच करायची. निखाऱ्यावर हिंग टाकून बरणी पालथी धरायची आणि मला म्हणायची, श्वास धरून लांब उभा राहा. मी लांब उभा राहायचो नाही. बऱ्याच वर्षांनी ते आठवलं.

दुसरी पुडी आहे ना, पुन्हा लाव. या वेळी नुसतं उकळतं पाणी, दुसरं काही नको. आणि आता सोलापूरचं ऊन चढलं असेल. बरणी पाण्याच्या टबात ठेव आणि भोवती ओलं पोतं गुंडाळ. फार तापलं तर यीस्ट होरपळतं. पहिल्या चार दिवसांत मिनिटाला किती बुडबुडे येतात ते मोजून पाठव, म्हणजे मला इथून कळेल काय चाललंय.

आणखी एक. सलाईनची नळी तुझ्याकडे कुठून आली? बरी आहेस ना तू?

अनीश


कुंभारी,
२३ एप्रिल २०२४

अक्का,

दुसरी लावली. टबाच्या पाण्यात ठेवलीय, पोतं भिजवून. आकडं खाली दिल्यात, तसंच उतरवून घे, एक बी बदलू नगं. बसल्या बसल्या दुसरं काम काय हाय मला? लई दिवसांनी मोजायला कायतरी मिळालं.

नळीचं काय सांगायचं त्ये तू ठरव. माजं नाव नगं.

धोंडीराम


शुक्रवार पेठ,
२ मे २०२४

चि. अनीश,

मी ठणठणीत आहे. नळी शेजारच्या बाईंच्या सासऱ्यांची होती, ते मागे आजारी होते. वापरलेली नव्हती, तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

आकडे मागितलेस ते पाठवते. पहिला दिवस: पहिल्या पाळीला मिनिटाला सहा, दुसऱ्या पाळीला चौदा, तिसऱ्या पाळीला एकोणीस. दुसरा दिवस: पहिल्या पाळीला बावीस, दुसऱ्या पाळीला सव्वीस, तिसऱ्या पाळीला चोवीस. तिसरा दिवस: चोवीस, वीस, अठरा. चौथ्या दिवशी पहिल्या पाळीला सोळा आणि मग उतरत गेले. रंग जांभळा, वर विटकरी फेस. वास पिकलेल्या सीताफळासारखा आणि थोडा भिजवलेल्या डाळीसारखा. बरोबर आहे का? नापास तर नाही ना केलंस?

आईची आठवण लिहिलीस ते वाचून बरं वाटलं. लिहीत जा.

आत्या


नाशिक,
११ मे २०२४

ती. आत्या,

आकडे मिळाले. उत्तम आहेत. इतके नीट आकडे इथे शिकायला येणारी मुलंही देत नाहीत. ज्या पद्धतीनं मोजले त्याच पद्धतीनं मोजत राहा.

आता पुढचं. बुडबुडे थांबले की वरचं निवळ नळीनं ओढून दुसऱ्या स्वच्छ भांड्यात घ्यायचं. भांडं उंचावर, दुसरं खाली, नळीत पाणी भरून सोडलं की आपोआप वाहतं. तळाचा गाळ हलता कामा नये. हात थरथरत असेल तर भांडं भिंतीला टेकवून ठेवावं, घाई करू नये. वाकून काम करायचं असेल तर पाट घ्यावा.

मग बाटल्यांत भरून अंधारात ठेवायची. सहा महिने. त्याआधी उघडायची नाही. दिवाळीला मी सोलापूरला येतोय. माझ्यासमोर उघडा.

अनीश


कुंभारी,
१८ मे २०२४, संध्याकाळ

अक्का,

सकाळी मायाप्पाकडनं धाडलेली चिठ्ठी फाडून टाक. त्यातलं पोराला लिवू नगं. इचारायचं न्हवतं त्ये मी इचारून बसलो.

आन तू मला लिवलंस त्याला लवकर ये म्हणून कळवते, त्ये बी करू नगं. पोरगं दिवाळीला येतो म्हणलं. कुणी बलावलं न्हाय, त्याच्या मनानं म्हणलं. मला याच्या परीस काय पायजे? मी थांबतो. नळीतनं पेज घेतो आता, तरी थांबतो. डॉक्टरचं घड्याळ काय माज्या हातात बांधलेलं न्हाय.

वाईन काढली दुसऱ्या भांड्यात. पाट घेतला. पोरानं सांगितलं तसं भिताडाला टेकवून.

धोंडीराम


शुक्रवार पेठ,
२४ जून २०२४

चि. अनीश,

दिवाळीला येणार वाचून मी काय केलं माहीत आहे? गादीचे अभ्रे धुतले. सहा महिने आधी. वेडी आहे तुझी आत्या.

तू रागावशील, पण मी चमचाभर चाखली. अमसुलाच्या सारात साखर घालायला कुणीतरी विसरलं आहे असं लागतं, आणि मग पोटात ऊन ऊन वाटतं. माझं तोंड बघण्यासारखं झालं होतं म्हणे. अगदी निवळ झाली आहे, बाटलीपलीकडचं कॅलेंडर वाचता येतं. मग दिवाळीची वाट कशाला? श्रावणात ये की. पंचमीला मी पुरणाचे दिंड करीन. या वयात माणसांचं काही सांगता येत नाही रे. लवकर आलास तर फार बरं होईल. याहून जास्त मी लिहू शकत नाही.

आत्या


नाशिक,
३ जुलै २०२४

ती. आत्या,

चाखलीस ते चाखलीस, पुन्हा नको. वाईनला घाई चालत नाही. तू ठणठणीत आहेस, मग ‘या वयात’ वगैरे कशाला? श्रावणात जमणार नाही. दिवाळीला म्हटलंय ना, दिवाळीलाच येईन. तोपर्यंत थांबायची सवय करावी माणसानं. मीही केली होती.

अनीश


कुंभारी,
२८ जुलै २०२४

अक्का,

पोराचं पत्र वाचलं. थांबायची सवय म्हणतो. बरूबर म्हणतो.

आकडं मोजायला आता कायबी न्हाय. बाटल्या नुसत्या उभ्या हायत. रविवारी ये. हात धरायला कुणी असलं म्हंजे बरं वाटतं.

धोंडीराम


शुक्रवार पेठ,
५ सप्टेंबर २०२४

चि. अनीश,

आज तुझी अट मोडते. माझा भाऊ, तुझे वडील धोंडीराम, २१ ऑगस्टला सकाळी गेले. घशाचा कॅन्सर होता. मार्चपासून आवाज नव्हता, मेपासून पेजही नळीतून जायची. कारखान्याच्या कचेरीत फोन केला, तर तू मळ्यांच्या पाहणीला सांगलीकडे गेलेला, निरोप देतो म्हणाले. दुपारपर्यंत थांबलो. आभाळ भरून आलं, लोक म्हणाले आता ठेवू नका. अग्नी मी दिला. बायकांनी द्यायचा नसतो म्हणून एकजण पुढे आला, मायाप्पानं त्याला बाजूला घेतलं. मडकं जड असतं रे. मला माहीत नव्हतं.

आता खरं सांगते. वाईन मी केली नाही. त्यानं केली, कुंभारीच्या खोलीत. हिंगाची धुरी तेवढी माझी. प्रश्न त्याचे, आकडे त्याचे, सलाईनची नळी त्याचीच. त्यानं आठ वर्षांपूर्वी दारू सोडली होती, हे तुला सांगायला अकरा वर्षांच्या अटीत जागा नव्हती. त्याला फक्त तुझी पत्रं हवी होती. तुझं प्रत्येक पत्र माझं वाचून झालं की त्याच्याकडे जायचं. सगळी त्याच्या उशाखाली मिळाली.

आजाराचं लिहू नको म्हणाला, दयेनं आलेला मुलगा नको म्हणाला. मी ऐकलं. ऐकायला नको होतं.

आत्या


नाशिक,
१२ सप्टेंबर २०२४

आत्या,

निरोप मला तिसऱ्या दिवशी मिळाला. बसमध्ये बसलो आणि सिन्नरला उतरलो. तिथून परत आलो. कुणासाठी जायचं होतं?

तू मला विचारायला हवं होतंस. दया करायची की नाही हे माझं मी ठरवलं असतं. नळी कुणाची म्हणून मी विचारलं होतं, तू खोटं लिहिलंस. ठणठणीत आहे असं लिहिलंस. ‘याहून जास्त लिहू शकत नाही’ असं लिहिलंस. का नाही लिहू शकत? एक ओळ लागत होती. आईच्या वेळी त्यांच्या हातातलं मडकं मी काढून घेतलं. त्यांच्या वेळी ते माझ्या हातात असायला हवं होतं. तो माझा हक्क होता आणि तुम्ही दोघांनी मिळून तो मला नाकारलात. मला आता पत्र लिहू नकोस.

अनीश


शुक्रवार पेठ,
२० सप्टेंबर २०२४

चि. अनीश,

लिहू नको म्हणालास, तरी हे एक लिहिते. सगळं खरं आहे तुझं. तुला दिलेला शब्द पाळला, त्यालाही दिलेला पाळला, आणि दोघांचं पाळता पाळता तुम्हा दोघांनाही फसवलं. रोज सकाळी उठल्यावर पहिलं हेच आठवतं. माफ कर असं म्हणायला तोंड नाही.

त्याची खोली रिकामी केली. वाईन मोरीत ओतली. मला राग आला होता, तुझा नाही, त्या बाटल्यांचा. खोलीत तुझी पत्रं होती, ती घरी आणली. एक कागद मात्र माझ्याच पेटीत होता, तो सोबत पाठवते. तुझं मे महिन्यातलं पत्र त्याला मिळालं त्या सकाळी त्यानं हा मला पाठवला होता, तुला विचारायला म्हणून. संध्याकाळी फाडून टाक म्हणाला. मी फाडला नाही. रविवारी गेले तेव्हा त्याला विचारलं, का नको विचारू? पाटीवर त्यानं लिहिलं, ‘पोराला लागत असतील. लागू देत.’ मला त्याचा अर्थ कळला नव्हता. वाईनचं काहीतरी असेल असं वाटलं.

प्रश्न तुझ्याच नावचा आहे, म्हणून तुझ्याकडे.

आत्या


(सोबतचा कागद)

कुंभारी,
१८ मे २०२४, सकाळ

अक्का,

पोराला इचार, दुकानातल्या रसाला सहा महिनं कशाला लागत्यात? मळ्यातली भारी द्राक्षं असती तर गोष्ट येगळी. आपली तर झाली. आरपार दिसतंय, बुडबुडा बंद हाय. टावेल पुरा झाला की मागावर ठेवत न्हाईत, उतरवून घेत्यात. मला सहा महिनं न्हाईत ह्ये त्याला ठाऊक न्हाय. पर त्याला सहा महिनं कशाला पायजेत, त्ये कळलं तर बरं व्हईल.

धोंडीराम


नाशिक,
२ ऑक्टोबर २०२४

ती. आप्पांस साष्टांग नमस्कार.

हे पत्र आत्याकडे पाठवत नाही. तुमच्या कुंभारीच्या पत्त्यावर टाकतो आहे. पोस्टमन काय करायचं ते करेल.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: नाही लागत. दुकानातल्या रसाची वाईन महिना दीड महिन्यात पिण्यासारखी होते. त्यापुढे ठेवून ती सुधारत नाही, चार सहा महिन्यांनी उतरायलाच लागते. तुमची मे महिन्यातच झाली होती. तुम्ही बघून ओळखलंत, बरोबर ओळखलंत. मी प्रयोगशाळेत बसून खोटं लिहिलं.

आत्याला मी लिहिलंय की तुम्ही दोघांनी मला फसवलंत. तिला जे लिहिलं नाही ते तुम्हाला लिहितो. वाईन तुम्ही करताय हे मला ठाऊक होतं. तिचं दोन मेचं पत्र आलं, त्यात तिसरी पाळी होती. शाळेच्या कारकुनीला तिसरी पाळी नसते. आमच्या घरात मागावर काम करून दिवस पाळ्यांनी मोजणारे तुम्ही एकटेच होतात. त्याच दिवशी रजेचा अर्ज लिहिला, चार दिवसांची. साहेबांच्या टेबलापर्यंत नेला आणि खिशात घालून परत आणला.

मग तुम्हाला सहा महिने लिहिले. त्यातले दोन शिक्षेचे होते. मी अकरा वर्षं काढली, तुम्हीही थोडं थांबून बघा, असं मनात होतं. तुम्ही तिकडे बाटलीकडे बघत बसला असाल या विचारानं मला बरं वाटत होतं, हेही लिहितो. बाकीचे भीतीचे होते. दारात उभं राहून काय म्हणायचं ते मला सुचत नव्हतं. दिवाळीपर्यंत सुचेल असं वाटलं. खरं तर रोज घोकत होतो, ‘आप्पा, बुडबुडे छान मोजलेत’ इथून सुरुवात करायची.

तुम्ही संध्याकाळी दुसरी चिठ्ठी पाठवलीत, फाडून टाक म्हणून. म्हणजे त्या एका दिवसात तुम्हाला कळलं होतं की सहा महिने वाईनला नाहीत, मला हवे आहेत. आणि तुम्ही ते देऊन टाकलेत. मी आत्याला लिहिलंय की तुम्ही माझा हक्क नाकारलात. तसं झालेलं नाही. मी मागितलं तेवढं तुम्ही दिलंत, फक्त ते तुमच्याकडे शिल्लक नव्हतं, हे मला माहीत नव्हतं.

तुमचा,
अनीश